बागेंतील अंतेवासिनी

गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूंची नात परीक्षा आटोपून धुळ्याहून जळगांवीं आमच्याकडे राहावयास आली. ती तिकडे एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. आल्याबरोबर तिनें पिशवींतून एक जाड, चकचकीत कागद काढून आमच्या हातीं दिला व वांकून नमस्कार केला. कडेनें सोनेरी वेलबुट्टी, खालीं दोन लफ्फेदार सह्या आणि मध्यें असा मजकूर कीं, या विद्यार्थिनीनें संकेतस्थळांच्या रचनेची एक महिन्याची 'इंटर्नशिप' उत्कृष्टपणें पुरी केली आहे. आम्हीं आशीर्वाद दिला. आमच्या मंडळींनीं तिच्या हातावर साखर ठेवली. येथवर सर्व यथास्थित झालें.

परंतु आमचा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलेला. प्रमाणपत्र पाहिलें कीं त्याच्या मागची वही पाहावी, ही खोड अजून सुटत नाहीं. संध्याकाळीं आम्हीं तिला म्हटलें, "अग, या महिन्यांत केलेंस काय, तें दाखव पाहूं." तिनें उत्साहानें आपला लॅपटॉप उघडला. पडद्यावर एका सार्वजनिक उद्यानाचें पान आलें. माथ्यावर ट्यूलिप फुलांचा अफाट ताटवा. खालीं पांढऱ्या भूमीवर फिकट पोपटी अक्षरें. आम्हीं चष्मा वर केला, खालीं केला, मान मागें नेली, अक्षर लागेना. शेवटीं तिनेंच तें मोठें करून दिलें, तेव्हां दिसलें कीं लिपि रोमन आहे, पण भाषा इंग्रजी नाहीं.

"ही कोणती भाषा?"

"भाषा नाहीं आजोबा. मजकूर तयार नसला म्हणजे जागा भरायला तें घालतात."

"मग खरा मजकूर केव्हां यावयाचा?"

"तो गिऱ्हाईक देतं."

"गिऱ्हाईक कोण?"

"तसं कोणी नाहीं."

"बरें, बाग कोणती ही?"

ती जराशी थांबली. म्हणाली, "बागहि कोणती नाहीं."

तो भरतीचा मजकूर काय आहे याचा आम्हीं मागाहून शोध घेतला, आणि जें कळलें त्यानें थक्क झालों. 'लोरेम इप्सम' या नांवानें जगभर चालणारी ती अक्षरें म्हणजे रोमन वक्ता सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व ४५ मध्यें बऱ्यावाईटाच्या मीमांसेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे तोडून-मोडून टाकलेले तुकडे होत. पहिला शब्दच मुळीं शिरच्छेद झालेला आहे. 'दुःख' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें पहिलें अक्षर उडवून तो बनविला आहे. १९६० नंतरच्या दशकांत अक्षरें चिकटविण्याच्या तक्त्यांवरून आणि पुढें १९८० नंतर संगणकावरील पानें जुळविण्याच्या साधनांतून तो सर्वत्र पसरला. कोणा बिचाऱ्या तत्त्ववेत्त्यानें दुःखाचा विचार करावा आणि दोन हजार वर्षांनीं त्याचा उपयोग ट्यूलिपच्या ताटव्याखालीं भरताड म्हणून व्हावा! असो.

अधिक विचारतां आणखी एक गोष्ट बाहेर आली. या 'इंटर्नशिप'करितां तिच्या वडिलांनीं दीड हजार रुपये भरले होते. ती संस्था कोठें आहे हें तिला ठाऊक नाहीं. तेथील एकाहि माणसाशीं ती बोललेली नाहीं. कांहीं चित्रफिती आल्या, त्या तिनें पाहिल्या. शेवटीं पान पाठविलें आणि पुढच्याच मिनिटाला सोनेरी कागद आला. पान कोणीं उघडून पाहिलें नाहीं हें उघडच आहे. पाहिलें असतें तर त्या पोपटी अक्षरांवर कोणीं तरी लाल रेघ मारली असती. "मग केलेंस कशाला?" असें विचारतां तिनें सरळ उत्तर दिलें. महाविद्यालयाला अमुक तासांच्या अनुभवाचा दाखला हवा असतो. वर्गांतील पुष्कळ मुलें असाच घेतात. धुळ्यांत शिकवून घेईल असें ठिकाण दोघा-चौघांस मिळतें. बाकीच्यांनीं काय करावें?

तिचा प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर त्या क्षणीं आमच्यापाशीं नव्हतें.

'इंटर्नशिप' या शब्दाला सरकारी मराठींत 'आंतरवासिता' असा प्रतिशब्द आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना तो चांगला परिचित आहे. आमच्या कानाला मात्र त्यामागें 'अंतेवासी' हा जुना शब्द ऐकूं येतो. गुरूच्या समीप वास करणारा तो अंतेवासी. हा अलुक् समास. म्हणजे पहिल्या पदाची सप्तमी यांत लोप पावत नाहीं. वर्गांत हा समास आला म्हणजे आम्ही मुलांना म्हणत असूं, "बाळांनो, येथें विभक्तीसुद्धां आपली जागा सोडीत नाहीं, तर शिष्यानें गुरूला सोडून कसें चालेल?" मुलें हंसत, आणि तास संपतांच आम्हांस सोडून पळत.

आतां पुष्कळांची अशी समजूत असते कीं, अंतेवासी म्हणजे केवळ वेद पढणारा बटु. तसें नाहीं. नारदस्मृतींत व याज्ञवल्क्यस्मृतींत कारागिरी शिकण्यासाठीं गुरूकडे राहणाऱ्या मुलालाहि हाच शब्द लाविला आहे, आणि त्याचे नियम घालून दिले आहेत. मुलानें आपल्या माणसांच्या संमतीनें जावें. किती काळ राहावयाचें तें आधीं ठरवावें. गुरूनें त्याला आपल्या घरीं ठेवून शिकवावें, अन्न घालावें, शिकवावयाच्या कामाशिवाय दुसरें काम त्याच्याकडून करवून घेऊं नये व त्याला पुत्राप्रमाणें वागवावें. उलट शिष्याला विद्या लवकर आली तरी त्यानें ठरलेला काळ पुरा करावा, आणि त्या काळांतील त्याच्या कामाचें फळ गुरूला मिळावें. ही व्यवस्था निर्दोष होती असें म्हणण्याचा आमचा मुळींच आग्रह नाहीं. 'दुसरें काम सांगूं नये' असें स्मृतिकारांना लिहावें लागलें, त्या अर्थीं गुरुमहाराज पाणी भरावयास व गुरें हांकावयास लावीतच असले पाहिजेत. पण जो व्यवहार होता तो दोन्ही बाजूंनीं स्पष्ट होता. गुरु अन्न घालतो, शिष्य काम देतो. आमच्या नातीच्या बाबतींत शिष्यानेंच गुरूला दीड हजारांचें भोजन घातलें, आणि गुरूनें पानावर बसल्याबसल्या डोळेहि उघडले नाहींत.

आपल्या कायद्यालाहि ही गोष्ट नवी नाहीं. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें उमेदवार हा नोकर नसून शिकणारा आहे असें ठरवून त्याला विद्यावेतनाचा हक्क दिला. ४ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें 'ट्यूलिप' नांवाचीच (पुन्हां तें फूल!) एक योजना सुरूं केली, नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना नगरपालिका व महानगरपालिका यांत अनुभव मिळावा हा तिचा हेतु. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय्.टी.आय्. किंवा पदविका असलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन सहा महिन्यांकरितां ठरविलें. पण या दोन्ही योजना शिक्षण संपलेल्यांसाठीं. ज्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला परीक्षेच्या आधीं दाखला हवा, तिच्या वांट्याला सोनेरी कागद विकणाराच येतो.

सुटी संपावयास तीन आठवडे होते. आम्हीं तिला सुचविलें कीं, गिऱ्हाईक नाहीं, बाग नाहीं म्हणतेस, तर आपण खरी बाग घेऊं. आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक लहानशी सार्वजनिक बाग आहे. नांव सांगत नाहीं, कारण पुढें तिच्या फाटकावरील पडलेल्या पाटीचा उल्लेख यावयाचा आहे. "हिचें पान कर. आम्ही मास्तर, तूं अंतेवासिनी. जेवण घरांत आहेच." ती हंसली, पण तयार झाली.

दुसरे दिवशीं उन्हें चढण्यापूर्वीं निघालों. वाटेंत काव्यरत्नावली चौक लागला. तेथें भाऊंचें उद्यान आहे, म्हणून तिला तो चौक ठाऊक होता. चौकाचें नांव कोठून आलें हें ठाऊक नव्हतें. तेव्हां सांगावें लागलें. नारायण नरसिंह फडणीस यांनीं याच जळगांवांतून १८८७ पासून १९३५ पर्यंत केवळ कवितेला वाहिलेलें 'काव्यरत्नावली' हें मासिक चालविलें. त्याच जळगांवांत १९०७ सालीं कविसंमेलन भरलें, आणि धरणगांवच्या ठोमरे नांवाच्या पोरगेल्या कवीला 'बालकवि' ही पदवी तेथेंच मिळाली. त्या संमेलनाचे अध्यक्ष कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ पेशानें शस्त्रवैद्य आणि व्यासंगानें वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनीं व मेजर बसु यांनीं सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. कवींच्या सभेला झाडें ओळखणारा अध्यक्ष! नात म्हणाली, "आजोबा, हें पानावर घालूं या का?" आम्हीं म्हटलें, "हें त्या चौकाचें. आपली बाग वेगळी. तिचें काय आहे तें आधीं पाहूं."

बागेंत एक वयस्क माळी आहेत. त्यांना आम्हीं विचारलें, "माळीबुवा, येथें येणारीं माणसें तुम्हांला काय विचारतात?" त्यांनीं झारी खालीं ठेवली आणि बोटें मोडूं लागले. बाग किती वाजतां बंद होते? प्यायचें पाणी कोठें? मोरी कोठें? म्हाताऱ्या आईला चाकाच्या खुर्चींतून आणलें तर पायऱ्या आहेत का? आणि मुलें विचारतात, हें झाड कसलें? "पाटी होती गुरुजी, पण ती पडली. आतां मीच पाटी."

नातीनें हें सर्व वहींत टिपलें. हातानें टिपलें, हें मुद्दाम सांगतों. तिच्या पहिल्या पानावर या पांचांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर नव्हतें. होतीं तीं ट्यूलिप. जळगांवांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. येथें बाग दुपारीं केव्हां मिटते व पाण्याचा नळ कोणत्या बाजूला आहे हें सांगणारें एक वाक्य त्या सबंध ताटव्यापेक्षां मोलाचें आहे.

मग झाडांकडे वळलों. ही केवळ आमची लहर नव्हे. महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे, आणि शहरांतील झाडांची गणना करणें हें त्यानें वृक्ष प्राधिकरणाचें कर्तव्यच ठरविलें आहे. फाटकाजवळचा कडुनिंब सर्वांच्या ओळखीचा. त्याचे निंब, पिचुमंद, अरिष्ट हे संस्कृत पर्याय आम्हीं सांगितले. नातीनें शास्त्रीय नांव शोधून 'अझाडिराक्टा' असें वाचलें. तें फारशी 'आझाद दरख्त' यावरून आलें आहे, हें ऐकून माळीबुवाहि खूश झाले. पुढें एका झाडावर पिवळ्या फुलांचे तुरे होते. आम्हीं छातीठोकपणें सांगितलें, "लिही, हा बहावा. संस्कृतांत आरग्वध, राजवृक्ष." तिनें लिहिलें. माळीबुवा आधीं कांहीं बोलले नाहींत. दोन झाडें पुढें गेल्यावर अदबीनें म्हणाले, "गुरुजी, बहाव्याचीं फुलें खालीं लोंबतात, झुंबरासारखीं. हीं तर वर तोंड करून आहेत. शेंगा पाहा, चपट्या, तांब्याच्या रंगाच्या. हा सोनमोहोर. बहावा त्या भिंतीपाशीं आहे."

भिंतीपाशीं जाऊन पाहिलें. खरेंच, झुंबरासारखीं. आरग्वधाचे पर्याय आम्हांस विद्यार्थिदशेपासून पाठ आहेत, आणि साठी उलटल्यावर झाड माळ्याकडून शिकावें लागलें! नातीनें वहींतील 'बहावा' खोडून 'सोनमोहोर' केलें. लाल शाईचें पेन आमच्याच खिशांत होतें. तें आम्हीं तिला दिलें. त्यानंतर ती झाडांविषयीं आम्हांस विचारीनाशी झाली, माळीबुवांनाच विचारूं लागली. त्यांचे शब्द होते तसे टिपून घे, एवढेंच आम्हीं सांगितलें. येथून जवळच असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळख नव्हती; मुलानें, सोपानदेवांनीं, व घरच्यांनीं ओव्या उतरून घेतल्या, म्हणून त्या १९५२ सालीं छापल्या गेल्या. माळ्याचें बोलणें काव्य नसेल, पण झाडाविषयीं तें आमच्यापेक्षां प्रमाण आहे.

रात्रीं पान रचण्याचें काम. त्यांतील यंत्राचा भाग आम्हांस कळत नाहीं व कळल्याचा आव आम्ही आणीत नाहीं. आम्हीं केवळ वाचक म्हणून बसलों, आणि वाचतां न आलें कीं तसें सांगूं लागलों. तेवढ्यानेंहि पुष्कळ निष्पन्न झालें. पोपटी अक्षरें प्रथम गेलीं. तिनें स्वतःच शोधून सांगितलें कीं, अक्षर व भूमि यांच्या उजळपणांत निदान साडेचारास एक इतकें अंतर असावें असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तिच्या चित्रफितींत तो एकदां येऊन गेला होता, पण 'तो कशाला असतो हें कळलं नव्हतं.' आमचें मोतीबिंदु पाहून कळलें. दुसऱ्या दिवशीं भर उन्हांत फोनवर तेंच पान उघडून पाहिलें, तेव्हां आणखी कळलें. झाडांचीं मराठी नांवें तिनें चित्र म्हणून चिकटविलीं होतीं, कारण सुंदर वळणाचें अक्षर हवें होतें. पण चित्रांतील अक्षर शोधणाऱ्याला सांपडत नाहीं, आणि अंधांसाठीं पान मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या साधनाला तें वाचतां येत नाहीं. देवनागरी १९९१ पासून, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, संगणकाच्या सर्वमान्य अक्षरमालेंत आहे. मग मराठी शब्दांनीं चित्राच्या पडद्याआड कां राहावें? प्रत्येक छायाचित्राखालीं, दृष्टि नसलेल्यासाठीं, त्याचें एका वाक्यांत वर्णन लिहावयाचें असतें. तिनें बहाव्याच्या चित्राला लिहिलें, 'पिवळें फूल'. आम्हीं तें परत केलें. दुसऱ्या खेपेस आलें, 'पिवळें सुंदर फूल'. तेंहि परत केलें. तिसऱ्या खेपेस आलें, 'भिंतीजवळचा बहावा. पिवळ्या फुलांचे हातभर लांब घोस खालीं लोंबत आहेत.' हें ठेवलें. निबंध तपासण्याहून हें काम फारसें निराळें नाहीं असें आम्हांस वाटलें.

'संकेतस्थळ' या शब्दाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. संस्कृत काव्यांत संकेतस्थान म्हणजे प्रियकर-प्रेयसींनीं गुपचूप भेटण्याचें ठरविलेलें ठिकाण. आणि तें बहुधा उद्यानांतील लताकुंजच असतें. तेव्हां उद्यानाचें संकेतस्थळ करावयाचें म्हणजे काय, यावर आमच्या घरांत दोन दिवस थट्टा चालली होती. माळीबुवांना ती सांगितली नाहीं. त्यांचा बराच वेळ त्याच प्रकारचीं माणसें उठविण्यांत जातो.

नातीनें कोठें तरी वाचलें कीं अशी कामें परदेशांत रीतसर होतात. अमेरिकेंत सान डिएगो शहरीं बाल्बोआ पार्क नांवाचें विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. १९१५ चें प्रदर्शन तेथें भरलें होतें, आणि आज तेथें अनेक संग्रहालयें आहेत. त्या संग्रहालयांचें संगणकावरील काम एकत्र पाहण्यासाठीं तेथील लोकांनीं एक सामायिक संस्था काढली. आपल्याकडे हें अशक्य कां असावें हें आम्हांस समजत नाहीं. जळगांव व धुळें या दोन्ही ठिकाणीं २००३ पासून महानगरपालिका आहेत; बागा आहेत; माळी आहेत; आणि दाखल्यासाठीं दीड हजार रुपये घेऊन उभीं असलेलीं मुलें तर शेंकड्यांनीं आहेत. प्रत्येक बागेमागें दोन मुलें, एक माळी आणि वाचून परत करणारा एक माणूस, एवढ्यानें भागेल. शेवटचा माणूसच मिळत नाहीं अशी आमची शंका आहे. निवृत्त शिक्षकांनीं हें मनावर घ्यावें. सकाळीं फिरावयास तर आपण सर्व जातोंच.

तीन आठवड्यांत पान तयार झालें. वेळ, पाणी, मोरी, पायऱ्या, चौदा झाडांचीं नांवें व त्यांचीं ठिकाणें. बाग पाहणाऱ्या मुकादमांच्या परवानगीनें फाटकाशीं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन लाविला आहे. त्यावर फोन धरला कीं पान उघडतें. पडलेली पाटीहि मुकादमांनीं त्याच वेळीं उभी करून घेतली.

निघण्याच्या आदल्या रात्रीं नातीनें दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवल्या, सोनेरी कागद आणि लाल शाईनें भरलेली वही. म्हणाली, "आजोबा, महाविद्यालयांत यांपैकीं काय देऊं? कागद दिला तर गुण मिळतात. वही दिली तर विचारतील, संस्थेचं पत्र कुठं आहे?" आमच्याजवळ संस्था नाहीं, शिक्का नाहीं. तीन आठवडे उपदेश केलेल्या तोंडातून त्या वेळीं शब्द निघाला नाहीं. कागद देऊं नकोस असें म्हणणें आम्हांस सोपें होतें. गुण तिचे जाणार होते.

तिनें कागद दिला नाहीं. विभागप्रमुखांना पत्र लिहिलें, पान पाहावें अशी विनंति केली आणि खालीं माळीबुवांचें नांव 'मार्गदर्शक' म्हणून घातलें; आमचें त्याच्या खालीं. हें लिहितों तेव्हां आषाढ लागला आहे आणि पत्राला उत्तर आलेलें नाहीं. मात्र गेल्या आठवड्यांत पावसाळ्यामुळें बागेची वेळ बदलली. माळीबुवांनीं आम्हांस न विचारतां परभारें धुळ्याला फोन केला, आणि रात्रीं आम्हीं पान उघडून पाहिलें तों नवी वेळ लागलेली होती.